नैराश्य आणि चिंता : रोजच्या दिवसात सुरुवात कुठून करायची

गेले काही आठवडे सकाळी अंथरुणातून उठणंच जड जातंय, किंवा कारण नसताना छाती धडधडते आणि डोक्यातलं "असं झालं तर?" थांबत नाही, अशांसाठी हा लेख आहे. बऱ्याच जणांना ही दोन्ही दुखणी जोडीनेच होतात. मानसोपचारात नेहमी वापरल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी स्वतःच्या स्वतः सुरू करता येतील तेवढ्या इथे दिल्या आहेत. सगळं एकदम करायला जाऊ नका. एका आठवड्यात एकच गोष्ट धरा.

त्याआधी एक महत्त्वाचं. जगणं नकोसं झालंय, मरणाचे विचार येतायत आणि कसं, कधी हेही मनात ठरायला लागलंय, तर वाचणं इथेच थांबवा आणि आत्ता एका माणसाला सांगा. शब्द सुचत नसतील तर एवढं पुरे : "मला जगावंसं वाटत नाहीये, मला एकटं सोडू नकोस." मग त्या माणसाला बरोबर घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, किंवा तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला फोन लावा. औषधांचा साठा किंवा इजा करून घेता येईल अशी कुठलीही वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्या. यामागचं कारण अगदी व्यवहारी आहे. आत्महत्येची ऊर्मी लाटेसारखी चढते आणि ओसरते, तिचा सर्वांत तीव्र काळ अनेकदा थोडाच असतो. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणं आणि माणूस शेजारी असणं, या दोन गोष्टींनी जीव वाचतात.

हे नेमकं काय आहे, ते आधी पाहा

वाईट घटना घडल्यावर वाईट वाटणं हा आजार नाही. किमान २ आठवडे, जवळपास रोज, दिवसातला बराचसा वेळ मन खिन्न आहे किंवा कशातच रस उरलेला नाही, आणि त्याबरोबर झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडली आहे, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतंय, तर ते नैराश्य असू शकतं. चिंतेच्या आजारात काळजीचे विषय बदलत राहतात, काळजी मात्र तशीच राहते. सततच्या चिंतेचं निदान करताना डॉक्टर साधारण ६ महिन्यांचा काळ विचारात घेतात, पण मदत मागायला तितके दिवस थांबण्याची गरज नाही.

स्वतःची स्थिती आकड्यात मांडायला दोन छोट्या प्रश्नावल्या जगभर वापरतात. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ : नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. चिंतेसाठी जीएडी-७ : सात प्रश्न, एकूण २१. दोन्हींमध्ये गेल्या २ आठवड्यांबद्दल विचारलेलं असतं. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना भेटायचं. पीएचक्यू-९ मध्ये २० किंवा त्यापुढचा आकडा तीव्र नैराश्याकडे बोट दाखवतो. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर असेल तर बेरीज कितीही कमी असो, कुणाशी तरी बोलायलाच हवं. या प्रश्नावल्यांनी निदान होत नाही. पण दर २ आठवड्यांनी भरल्या तर आपण वर चाललोय की खाली, ते कळतं. "काहीच फरक नाही" असं मन सांगत असताना १७ चे १३ झालेले कागदावर दिसणं फार मोलाचं असतं.

रक्ततपासणी टाळू नका. थायरॉइड मंद झालं तर थकवा आणि उदासी येते, जास्त काम करू लागलं तर धडधड, कंप आणि बेचैनी. रक्तक्षय आणि बी-१२ ची कमतरता यांची लक्षणंही नैराश्यासारखी दिसतात. स्टेरॉइडसारख्या काही औषधांनी मनःस्थिती बदलते, म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा.

दुखणं वाढतं ते टाळण्याने

एवढं समजलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या का आहेत ते आपोआप कळतं. नैराश्यात इच्छा होत नाही म्हणून आपण काम टाळतो. टाळल्याने दिवसात समाधान देणारं काहीच घडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी इच्छा आणखी कमी होते. चिंतेत भीती वाटते म्हणून आपण तिथून निघून जातो. निघाल्याबरोबर सुटल्यासारखं वाटतं, आणि मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आधीच येते आणि जास्त येते.

म्हणून "आधी बरं वाटू दे, मग करतो" हा क्रम उलटा करायचा. यात आळशीपणाचा किंवा भित्रेपणाचा काही संबंध नाही. आजारात मेंदूचा इच्छा निर्माण करणारा भाग मंद झालेला असतो आणि धोक्याचा इशारा देणारा भाग अतिदक्ष. अशा वेळी मनाला विचारून दिवस ठरवला तर उत्तर ठरलेलंच असतं. दिवस घड्याळाला विचारून ठरवायचा.

पहिला आठवडा : फक्त नोंद

एक वही घ्या. जागेपणी दर २ तासांनी एकच ओळ : काय करत होतो, आणि मन ० ते १० मध्ये किती. शेजारी आणखी दोन आकडे, "आवडलं" किती आणि "जमलं" किती. हे दोन वेगळे ठेवण्याला अर्थ आहे. नैराश्यात भांडी घासणं आवडत नाही, पण घासून झाल्यावर जमल्याचे ४ गुण मिळतात. सुधारणा बहुतेक वेळा याच रकान्यात आधी दिसते.

नोंद त्या-त्या वेळी करा. रात्री बसून दिवसभराचं लिहिलं तर खिन्न मन सगळा दिवस काळा रंगवतं आणि दुपारी ४ ला आलेला ५ हा आकडा विसरून जातं. काही नोंदी सुटल्या तर सुटू द्या, मागच्या भरत बसू नका. सात दिवसांनी वही उघडून दोनच गोष्टी शोधा : सर्वांत वाईट तास कोणते (बऱ्याच जणांचे सकाळचे असतात), आणि आकडा एखाद्या गुणाने वर गेला तेव्हा तुम्ही काय करत होता.

दुसऱ्या आठवड्यापासून : ठरवलेली छोटी कामं

या पद्धतीला वर्तन-सक्रियता म्हणतात. १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी तिची मांडणी केली. पुढे १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, नुसत्या या भागाने झालेला फायदा, विचार बदलण्यावरही काम करणाऱ्या संपूर्ण उपचाराइतकाच भरला. म्हणून नवख्या माणसाने सुरुवात विचार बदलण्यापासून करू नये, कामापासून करावी, असं आमचं ठाम मत आहे.

रोज तीन कामं निवडा. एक शरीरासाठी, एक जबाबदारीचं, एक माणसांशी संबंध ठेवणारं. आकार असा की सगळ्यात वाईट दिवशीही जमेल. कामासमोर "सकाळी" किंवा "दुपारी" लिहू नका, "११ वाजता" लिहा. आणि ११ वाजले की मनाची परवानगी न घेता उठा.

"अंघोळ करायची" हे निरोगी माणसाला एक काम वाटतं, पण त्यात सात-आठ कामं दडलेली असतात. पाय अंथरुणाखाली सोडून बसायचं. उठून टॉवेल आणि कपडे काढायचे. न्हाणीघरापर्यंत जायचं. पाणी सोडायचं. हात-पाय धुवायचे. इथे थांबलात तरी चालेल, वहीत "जमलं" समोर गुण लिहा. बहुतेक वेळा पाणी अंगावर पडल्यावर पुढचं होऊन जातं. ताकद सगळी लागते ती सुरुवातीला.

यात तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, काम मोठं घेणं. दोन दिवस लागोपाठ राहिलं तर ते लगेच अर्ध्यावर आणा. स्वतःला बोल लावत तेच पुन्हा ठरवू नका. दुसरी, आनंदाची वाट पाहणं. पहिले काही आठवडे "आवडलं" मध्ये १ किंवा २ च येतील. रस उशिरा परततो, त्याने पद्धत फसली असं होत नाही. तिसरी चूक सर्वांत फसवी आहे : एखादा दिवस बरा उगवतो, माणूस साचलेली सगळी कामं उपसतो आणि पुढचे तीन दिवस पडून राहतो. बऱ्या दिवशी ठरल्यापेक्षा फार तर दीडपट करा. वाईट दिवशी निम्मं करा, पण सोडू नका.

शरीराच्या कामासाठी चालणं सर्वांत सोपं. १० मिनिटांनी सुरू करा आणि दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत न्या. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी शिफारस आहे. तिथवर पोचायला दोन महिने लागले तरी चालतील. शक्यतो सकाळच्या उजेडात चाला, म्हणजे झोपेचं चक्रही सावरतं.

झोप

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. म्हणून उठण्याची वेळ ठरवा आणि सुट्टीच्या दिवशीही ती पाळा. अंथरूण फक्त झोपेसाठी. साधारण २० मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं (घड्याळ न पाहता, अंदाजाने), तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा आणि डोळे जड झाले की परत या. लागल्यास रात्रीत चार वेळा उठा. ही पद्धत मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडली. अंथरुणात तळमळत पडलं की मेंदू अंथरुणाची सांगड तळमळीशी घालतो, ती तोडणं हा तिचा हेतू आहे. पहिला आठवडा थकव्याचा जातो आणि नेमकं तेव्हाच बहुतेक लोक सोडून देतात. दुसरा आठवडा काढाच.

चहा-कॉफीतल्या कॅफीनचा निम्मा भाग शरीराबाहेर जायला सुमारे ५ तास लागतात. संध्याकाळी ५ ला घेतलेल्या कपातला बराचसा अंश रात्री १० ला अंगातच असतो, म्हणून दुपारी १२ नंतर बंद ठेवा. चिंतेचा त्रास असेल तर एकूण प्रमाणही हळूहळू निम्म्यावर आणा. एकदम सोडलं तर डोकं दुखतं. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते आणि सकाळची चिंता वाढते. मन सुन्न करायला दारू लागू लागली असेल, तर ते डॉक्टरांना न लाजता सांगा.

काळजीला वेळ नेमून द्या

काळजी करू नको म्हटलं की ती वाढते. तिला पुढे ढकलता मात्र येतं. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांनी १९८० च्या दशकात ही युक्ती अभ्यासली. रोज एकाच वेळी, एकाच खुर्चीवर, २० ते ३० मिनिटं फक्त काळजीसाठी राखायची. ही वेळ झोपेच्या जवळ नको आणि जागा अंथरूण नको.

दिवसभरात काळजी आली की चार शब्द लिहा ("फी कशी भरणार", "पाठदुखी गंभीर?") आणि हातातल्या कामाकडे वळा. नेमलेल्या वेळी यादी उघडा. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न : यावर मला काही करता येईल का? येत असेल तर पहिली कृती आणि तिची वेळ लिहा. येत नसेल तर त्या ओळीपुढे तसं लिहून पुढच्या ओळीवर जा. वेळ संपली की खुर्ची सोडा.

नेमलेली वेळ एकदाही चुकवू नका. "नंतर बघू" हा शब्द तुम्ही पाळत नाही, असं मनाला एकदा कळलं की ते पुढे ढकलू देत नाही.

भीतीचा झटका आला तर

अचानक हृदय जोरात धडधडतं, घाम येतो, हात-ओठांना मुंग्या येतात, आत्ता मरतो की काय असं वाटतं. छातीत असं पहिल्यांदाच होत असेल तर आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या. तपासणी नीट निघाली असेल तर पुढचं वाचा.

अॅड्रेनलिन हे संप्रेरक उसळल्याने शरीर पळायच्या तयारीला लागतं. श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि चक्कर आणि मुंग्या येतात त्या यामुळे. हवा कमी पडतेय असं वाटतं, पण प्रत्यक्षात आपण ती जास्त घेत असतो. म्हणून "खोल श्वास घे" हा सल्ला इथे उलटा बसतो. आधी श्वास पूर्ण सोडा. मग नाकाने हलकासा श्वास, मनात ४ आकडे मोजत. सोडताना ६ आकडे. पोट हललं पाहिजे, खांदे नाही. असं ५ मिनिटं. झटका साधारण १० मिनिटांत शिखराला पोचतो आणि मग उतरतो, तुम्ही काहीच केलं नाही तरी उतरतो. शक्य असेल तर असाल तिथेच थांबा. निघून जावंच लागलं तर त्याच दिवशी थोड्या वेळासाठी तिथे परत जा, नाहीतर ती जागा टाळायच्या यादीत जाऊन बसते.

हा श्वास शांत असताना रोज दोनदा घोटून ठेवा. झटका आल्यावर पहिल्यांदा करून पाहिला तर तो जमत नाही.

भीतीची शिडी

समजा, फोनवर बोलायची भीती आहे. वहीत त्या भीतीचे प्रसंग लिहा आणि प्रत्येकाला ० ते १०० गुण द्या. ध्वनिमुद्रित माहिती देणाऱ्या क्रमांकाला फोन : २५. दुकान किती वाजता बंद होतं ते विचारणं : ४०. मित्राला न कळवता अचानक फोन : ५५. बिलातली चूक सांगायला फोन : ७०. वरिष्ठांना फोन करून रजा मागणं : ९०. सुरुवात २५ किंवा ४० पासून. शून्याच्या जवळची पायरी घेतली तर काही शिकायला मिळत नाही आणि ९० ला हात घातला तर माणूस पळतो.

एक पायरी आठवड्यात चार-पाच वेळा करा. फोनआधी लिहा : "मला काय होईल असं वाटतंय?" फोननंतर लिहा : "खरंच काय झालं?" भीती निम्म्यावर आली की वरची पायरी. इथे छुपे आधार काम बिघडवतात : प्रत्येक वाक्य आधी लिहून वाचणं, कुणालातरी शेजारी बसवणं, पटकन बोलून फोन ठेवणं. त्यांनी वेळ निभावते, पण मेंदू श्रेय त्या आधारालाच देतो. ते एकेक करून काढत जा.

जुन्या आघाताच्या आठवणी किंवा हात धुणं-तपासणं यांसारखी न थांबणारी कृती असेल, तर ही शिडी एकट्याने चढू नका. तिथे प्रशिक्षित माणूस बरोबर हवा.

विचारांचं काय करायचं

कामं थोडी रुळल्यावर याकडे या. त्रास देणारा विचार जसाच्या तसा लिहा : "माझ्याने काहीच होत नाही." त्याखाली बाजूचे पुरावे, मग विरुद्धचे पुरावे. इथे तुमची वहीच साक्षीदार असते, "जमलं" चा रकाना उघडा. मग दोन्ही बाजू धरून एक वाक्य लिहा : "या आठवड्यात ठरवलेल्यातलं निम्मं झालं." गोड वाक्य लिहू नका, मन ते मानत नाही. ज्याच्यावर स्वतःचा विश्वास बसेल इतपतच लिहा.

आणि तोच विचार चघळत बसला असाल तर स्वतःला विचारा : गेल्या पाच मिनिटांत काही नवं सापडलं का? नसेल तर जागेवरून उठा. "माझंच असं का?" याचं उत्तर बसून मिळत नाही.

डॉक्टर आणि औषधं

प्रश्नावलीचा आकडा १० किंवा जास्त आहे, महिनाभर प्रयत्न करूनही हलत नाही, किंवा काम, अभ्यास, खाणं-पिणं कोलमडलंय, तर भेट ठरवा. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर, ते औषध देतात. मानसशास्त्रज्ञ संवादातून उपचार करतात. मध्यम ते तीव्र नैराश्यात दोन्ही मिळून केलेल्या उपचाराचा सहसा जास्त उपयोग होतो. वही बरोबर न्या. तिथे काही आठवत नाही, रडू येतं, ते साहजिक आहे.

नेहमीची नैराश्यविरोधी औषधं परिणाम दाखवायला २ ते ४ आठवडे घेतात, पूर्ण परिणामाला ६ ते ८. मळमळ, बेचैनी असा त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतो. आधी त्रास आणि नंतर फायदा, या उलट्या क्रमामुळे अनेकजण दहाव्या दिवशी गोळी सोडतात. या गोळ्यांची नशा होत नाही, पण एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, विजेचा झटका बसल्यासारख्या संवेदना होतात. बरं वाटल्यावरही किमान ६ महिने चालू ठेवून डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायच्या. २५ वर्षांखालच्या रुग्णांकडे पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं, कारण मरणाचे विचार या काळात वाढू शकतात. तत्काळ शांत करणाऱ्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या वेगळ्या. त्यांची सवय लागते, म्हणून त्या थोड्या दिवसांपुरत्याच.

एक गोष्ट आपणहून सांगा : पूर्वी कधी चार-सहा दिवस झोप फारच कमी होऊनही अंगात प्रचंड उत्साह, वेगाने बोलणं, बेफाम खर्च असं झालं होतं का? तसं असेल तर आजार द्विध्रुवी (बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी अतिउत्साह) असू शकतो, आणि मग नुसतं नैराश्यविरोधी औषध देऊन चालत नाही.

घरच्यांनी

"काही लागलं तर सांग" याने काही होत नाही, कारण मागायचीच ताकद संपलेली असते. "मी ५ वाजता येतो, दहा मिनिटं चालून येऊ" असं म्हणा आणि ५ ला या. मरणाच्या विचारांबद्दल थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही, उलट बोलायला जागा मिळते. चिंताग्रस्त माणूस तोच प्रश्न दहाव्यांदा विचारतो तेव्हा दहाव्यांदा "काही होणार नाही" म्हणू नका. "हे आपण तुझ्या काळजीच्या वेळेला बघू" म्हणा आणि त्या वेळी खरोखर जवळ बसा.

बरं वाटल्यावर

नैराश्य अनेकांना पुन्हा गाठतं, आणि येताना बहुधा त्याच वाटेने येतं. म्हणून बरे असतानाच एका कार्डावर लिहून ठेवा : तुमची पहिली तीन लक्षणं (फोन उचलणं बंद होणं, अंघोळ लांबणं, पहाटे ४ ला जाग येणं अशी, स्वतःची), पूर्वी उपयोगी पडलेली तीन कामं, एका माणसाचं नाव, डॉक्टरांचा क्रमांक. एक प्रत त्या माणसाला द्या, कारण लक्षणं बहुतेक वेळा त्याला आधी दिसतात. प्रश्नावली महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला भरत राहा. पीएचक्यू-९ चा आकडा मागच्यापेक्षा ५ ने किंवा जास्त वाढला, तर त्याच आठवड्यात वही पुन्हा सुरू करा आणि डॉक्टरांची वेळ घ्या.